मोठ्याईला कोबाल्टवर शेक सांगितला आहे – दोन प्रश्न

कापूसकोंड्या_राळेगाव
नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्याईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची वेळ गेली, आता शेक (म्हणजे रेडिएशन), सोबत दर आठवड्याला केमो आणि शेवटी आतून शेक. जिथे फाईल बनली तिथे कोबाल्टची मशीन आहे. महात्मा फुले योजनेत बसतं, खिशातून पैसे नाहीत.

आता अडचण. चुलतभावाचे सासरे सांगून गेले की कोबाल्ट जुनाट झालं, शहाण्या माणसानं नागपूरला खाजगीत लिनॅकवर, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या नव्या मशीनवर, शेक घ्यावा. त्यासाठी वावर विकावं लागेल. खरंच इतका फरक असतो का?

दुसरं त्याहून वाईट. गावात बोललं जातं की शेक घेतलेल्या बाईच्या अंगातून किरणं निघतात. वहिनीचं लेकरू अजून अंगावर पितं. तिच्या माहेरचे म्हणतात, शेक संपेपर्यंत पोरीला आणि नातवाला घेऊन जातो. हे मोठ्याईच्या कानावर गेलं. ती म्हणते, नातू घरातून जाणार असेल तर मला शेकच नको. कोणाला नीट माहिती असेल तर सांगा.

धुऱ्यावरचा_बाभूळ
कोबाल्ट मंजे अणुबॉम्बाचा भाऊच ना? मंग तं घरात मोबाईल आपोआप चार्ज होईन.
(गंमत करून रायलो भाऊ, रागावू नको. बुढी बरी होते पाय.)

गॅमाराव
मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. म्हणजे शेक किती वेळ आणि कोणत्या कोनातून द्यायचा याचा हिशेब करणारा. डॉक्टर नाही, तेव्हा मोठ्याईंच्या तब्येतीबाबत शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचा.

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो तातडीचा आहे. नाही, बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून काहीही निघत नाही. टॉर्चचा उजेड अंगावर पाडून टॉर्च बंद केला की माणूस अंधारात चमकत बसत नाही, तसंच हे. कोबाल्टचे गॅमा किरण शरीरातून जाताना पेशींचं नुकसान करतात, पण शरीराला किरणोत्सारी बनवत नाहीत. आणि तो कोबाल्ट पेशंटला कधी शिवतही नाही. स्टीलच्या दुहेरी डबीत बंद केलेल्या बारीक गोळ्या असतात, ती डबी मशीनच्या डोक्यात शिसं आणि टंगस्टनच्या जाड कवचात. शेकाच्या वेळी डबी भोकासमोर सरकते, वेळ झाली की मागे जाते. मोठ्याईंना नातू मांडीवर घेऊ द्या. एका ताटात जेवू द्या. कपडेही वेगळे धुवायची गरज नाही.

कोबाल्टबद्दल थोडं. तो लोखंड आणि निकेलच्या मधला धातू. निसर्गात मिळतो तो कोबाल्ट-५९, त्यात किरणोत्सार नाही. तो अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉन गिळून कोबाल्ट-६० होतो. आपल्या देशात हे काम अणुवीज केंद्रांत होतं, राजस्थानातल्या रावतभाट्याचं नाव त्यात पहिलं. मग हा कोबाल्ट-६० हळूहळू निकेल होत जातो आणि प्रत्येक अणू जाता जाता दोन गॅमा किरण सोडतो, १.१७ आणि १.३३ एमईव्हीचे (एमईव्ही हे किरणांच्या ऊर्जेचं माप). सगळी मशीन त्या दोन किरणांवर चालते.

लिनॅकबद्दल रात्री लिहितो, ओपीडीची वेळ झाली.

संत्रामोसंबी
गॅमाराव, माफ करा, पण आमच्या घरचा अनुभव उलटा आहे. माझ्या बहिणीला उपचारानंतर वेगळ्या खोलीत ठेवलं. आम्ही दारातून बोलायचो. घरी सोडताना लेखी दिलं की लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यापासून काही दिवस लांब राहा. हे डॉक्टरांनीच दिलं, गावातल्या कुणी नाही. मग तुम्ही छातीठोकपणे 'काहीही निघत नाही' कसं म्हणता? उद्या त्या लेकराला काही झालं तर?

गॅमाराव
बहिणीला थायरॉइडचा कॅन्सर होता का? आणि औषध प्यायला किंवा कॅप्सूल म्हणून दिलं होतं?

संत्रामोसंबी
हो, थायरॉइडच. कॅप्सूल दिली होती. तुम्हाला कसं कळलं?

गॅमाराव
कारण ते आयोडीन-१३१. ते पोटात जातं, रक्तातून थायरॉइडच्या पेशींत जाऊन बसतं आणि तिथून काम करतं. म्हणजे तिथे किरणोत्सारी पदार्थ खरोखरच माणसाच्या आत असतो आणि लघवी, घाम, थुंकी यांतून बाहेर पडत राहतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायचा काळ, ८ दिवसांचं, म्हणून काही दिवस लांब राहायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं. कोबाल्टच्या शेकात आत काही जातच नाही. हाडांच्या स्कॅनला टेक्निशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ टोचतात, त्याचं अर्धायुष्य ६ तासांचं, त्यालाही त्या दिवसापुरती काळजी सांगतात.

गावात अफवा उगवते ती बहुतेक अशीच. कोणाच्या तरी घरी खरंच वेगळं ठेवलेलं असतं, आणि मग तोच नियम सगळ्या 'किरणं' घेणाऱ्यांना लागतो.

संत्रामोसंबी
समजलं. धागाकर्ते, मग आमचं उदाहरण घरी सांगू नका, उगाच गोंधळ.

आशाताई_घाटंजी
मी आशा म्हणून काम करते, नाव नको. लिनॅक-कोबाल्टचं मला फार कळत नाही, पण पेशंट जवळून पाहिले आहेत म्हणून लिहिते.

या आजारात बाईला अंगावरून रक्त जात असतं, त्यानं ती घाबरलेली असते. शेक सुरू झाला की थोड्याच दिवसांत रक्त थांबतं. इथेच घात होतो. बाई म्हणते, मी बरी झाली. घरचे म्हणतात, कापूस वेचायला माणूस नाही. दिवाळी येते. सोयाबीन काढायचं राहिलेलं असतं. ती एकदा घरी येते आणि परत जात नाही. पुन्हा माझ्याकडे येते तेव्हा पाय सुजलेले, लघवी अडलेली. तेव्हा डॉक्टरही काही करू शकत नाहीत.

भाऊ, मशीन कोणतीही घ्या. मधात सोडू नका. वहिनीच्या माहेरच्यांना माझ्यासारखी कोणी आशा किंवा सिस्टर भेटवा. घरच्या माणसापेक्षा बाहेरच्या बाईचं पटकन ऐकतात.

आणखी एक, जे पुरुष माणूस विचारत नाही. मशीनवर कंबरेखालचे कपडे काढावे लागतात. आमच्या बाया त्या लाजेनंच दुसऱ्या दिवशी जात नाहीत. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की सोबत बाई कर्मचारी पाहिजे. मागितलं की देतात.

पुण्यातला_अमरावतीकर
सगळे कोबाल्टची भलामण करत आहेत म्हणून दुसरी बाजू. माझ्या बाबांना गालाचा कॅन्सर होता. गावाजवळच्या एका दवाखान्यात कोबाल्टवर शेक झाला. कॅन्सर गेला, हे मान्य. पण तोंडाची लाळ कायमची गेली. भाकरी पाण्यात कालवल्याशिवाय गिळत नाही. दात एकेक करून हलले आणि काढताना जबड्याचं हाड चिघळलं. शेकाआधी दात तपासून घ्यायचे असतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. पुण्यात आल्यावर कळलं की लिनॅकवर लाळेच्या ग्रंथी वाचवत शेक देता येतो.

गरिबाला जुनी मशीन आणि पैसेवाल्याला नवी, हे 'चालतंय' म्हणून स्वीकारू नका. योजनेत लिनॅकसुद्धा बसतो. आधी ते विचारा, वावर विकायचं नंतर.

धुऱ्यावरचा_बाभूळ
अमरावतीकर, बाबा खर्रा खात होते का?

पुण्यातला_अमरावतीकर
हो. दिवसभर. हा प्रश्न इथे कशाला?

धुऱ्यावरचा_बाभूळ
टोमणा नाही मारून रायलो राजेहो. माह्या गावात पानठेल्यावर पोट्टे पन्नीत खर्रा घोटत बसतात, सातवीतले आठवीतले. २०१२ मधी गुटखाबंदी झाली तवा वाटलं सुटलो. कायचं सुटतं? सुपारी, तंबाखू, चुना, तिन्ही वस्तू तं दुकानात मिळतेच. माह्याच भावाचं तोंड दोन बोटं उघडत नाही आता. डॉक्टरनं सांगितलं हे कॅन्सरच्या आधीचं हाये. तो तिथून निंगाला अन् पयले ठेल्यावर गेला. त्याले हा धागा दाखवतो म्हून इचारलं.

गॅमाराव
अमरावतीकरांचं म्हणणं बरोबर आहे आणि ते टाळून पुढे जाणं लबाडी होईल.

कोबाल्टचा झोत कडेला थोडा पसरट असतो. डबीच साधारण दोन सेंटिमीटर रुंद, त्यामुळे कड धारदार येत नाही. लिनॅकची कड धारदार असते आणि झोताचा आकार क्षणाक्षणाला बदलता येतो. म्हणून तोंड-घशाच्या शेकात लाळग्रंथी वाचवायच्या असतील तर लिनॅक सरस. कोबाल्टचा जोर कातडीखाली अर्ध्या सेंटिमीटरवर सगळ्यात जास्त असतो, रोजच्या वापरातल्या ६ एमव्ही ताकदीच्या लिनॅकचा दीड सेंटिमीटरवर. म्हणजे कोबाल्टमध्ये कातडी जास्त काळवंडते, आणि जाड अंगाच्या माणसाच्या पोटात खोलवर पोचायला लिनॅक बरा. दात आधी तपासणं मात्र दोन्ही मशीनना सारखंच लागू. ते राहिलं तर दोष मशीनचा नाही.

आता मोठ्याईंचं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये ओटीपोटाला चारही बाजूंनी शेक देतात. पेशंट अंगानं सडपातळ असेल तर कोबाल्टवर हे काम चांगलं होतं, कित्येक दशकं झालेलं आहे. लिनॅकवर आतड्याचा त्रास कमी करता येतो, हे खरं. पण या आजारात वेळ फार महत्त्वाचा. बाहेरचा आणि आतला मिळून सगळा शेक ८ आठवड्यांच्या आत संपला पाहिजे, लांबला तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता घटत जाते. लिनॅकच्या रांगेत महिना जाणार असेल, किंवा लांबच्या शहरात राहणं न परवडून मधले दिवस बुडणार असतील, तर हातातला कोबाल्ट चांगला. योजनेतच, जवळ आणि लगेच लिनॅक मिळत असेल तर जरूर घ्या. वावर विकून? मी माझ्या घरी तसा सल्ला देणार नाही.

एक गोष्ट मात्र दवाखान्यात विचारा: सोर्स, म्हणजे डबीतला कोबाल्ट, कधी बदलला? कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षांचं. दर महिन्याला त्याचा जोर साधारण एक टक्क्यानं उतरतो. उतरला म्हणून डोस कमी पडत नाही, आम्ही वेळ वाढवतो. पण सोर्स फार जुना असेल तर दोन मिनिटांचं काम चार-पाच मिनिटांवर जातं, तेवढा वेळ पेशंटनं हलायचं नाही, आणि बाहेर रांग वाढते.

गुरुजी_आर्वी
फार उपयुक्त चर्चा. निवृत्त विज्ञान शिक्षक आहे, म्हणून थोडं अवांतर.

कोबाल्टच्या आधी शेकासाठी रेडियम वापरत. ते इतकं महाग की ग्रॅममध्ये बोलायची सोय नव्हती. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० च्या मशीनवर पहिल्यांदा पेशंटांना शेक दिला गेला. अणुभट्टीत हवा तेवढा बनवता येत असल्यानं तो जगभर गेला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्रानं स्वतःची मशीन बनवली, नाव भाभाट्रॉन. पहिली नवी मुंबईत खारघरला, टाटा स्मारकाच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात बसली. नंतर भारतानं ती व्हिएतनामला भेटही दिली. तेव्हा 'जुनाट' म्हणणाऱ्या पाहुण्यांना एवढं सांगा की मशीन या शतकातली आहे.

दवाखान्यातल्या सिरिंज, हातमोजे, टाके घालायचे धागे हेही कोबाल्टच्या गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तुर्भ्याला १९७४ पासून आयसोमेड नावाचा प्रकल्प त्यासाठी आहे. बी-१२ च्या इंजेक्शनमध्येही कोबाल्ट असतो, अर्थात किरणोत्सार नसलेला. बाभूळराव, ते घेऊन मोबाईल चार्ज होणार नाही.

पऱ्हाटीवाला_वाशिम
गुरुजी, शेतकऱ्यांचा भाग राहिला. नाशिक जिल्ह्यात लासलगावला कृषक नावाचं केंद्र आहे, तिथे कोबाल्टचे किरण देऊन कांद्याचं कोंब येणं थांबवतात.

आणि विदर्भवाल्यांनो, टीएयू-१ उडीद पेरला आहे ना? त्यातला टी तुर्भ्याचा आणि ए अकोल्याचा. भाभा केंद्र आणि आपलं पंजाबराव कृषी विद्यापीठ यांचं मिळून वाण. टीएजी-२४ भुईमूगही त्यांचाच. बियाण्याला किरणं देऊन वेगळी झाडं निवडायची आणि त्यांचा संकर करायचा, अशी ती वाणं निघाली. आमच्या बापानं टीएयू-१ वर बहिणीचं लग्न केलं. वहिनीच्या माहेरी त्याच उडदाचे वडे होत असतील, तेव्हा किरणांची भीती वाटली नाही वाटते!

झाडीपट्टी_ब्रह्मपुरी
सगळं गोड गोड चाललं आहे जी, पण दिल्लीतलं मायापुरी विसरू नका. २०१० मध्ये भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडला. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात वापराविना पडलेलं गॅमा यंत्र लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं होतं. भंगारवाल्यानं फोडलं. बरेच जण भाजले, एक जण गेला. ज्यांना कोबाल्ट सांभाळता येत नाही त्यांच्या गावात कोबाल्ट कशाला?

गॅमाराव
मायापुरी विसरण्यासारखं नाहीच. मेक्सिकोत १९८३ मध्ये तर शेकाचंच कोबाल्ट मशीन भंगारात गेलं होतं. गोळ्या वितळून लोखंडी सळ्यांत मिसळल्या आणि त्या सळ्या घरांच्या बांधकामात गेल्या. लिनॅक बंद केला की त्यातून किरण येत नाहीत. कोबाल्ट बंद होत नाही, झाकलेला असतो एवढंच. ही त्याची खरी उणी बाजू.

पण मायापुरीचं यंत्र प्रयोगशाळेतलं होतं आणि वर्षानुवर्षं कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. दवाखान्यातल्या मशीनला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, सोर्सची नोंद असते आणि जुना सोर्स परत पाठवावा लागतो. आम्ही स्वतः छातीला बिल्ला लावून फिरतो, कोणाला किती किरण लागले ते त्यावर मोजतात. तुमची शंका प्रशासनाला विचारण्यासारखी आहे, मोठ्याईंचा शेक थांबवण्यासारखी नाही.

कापूसकोंड्या_राळेगाव
सगळ्यांचे आभार. वाचून दाखवतो आहे घरी. एक येडा प्रश्न. आमच्याकडे लाईन कधी जाईल सांगता येत नाही. मोठ्याई मशीनखाली असताना लाईन गेली तर? लिनॅक तर बंद पडेल, पण कोबाल्ट बंदच होत नाही म्हणता.

गॅमाराव
अजिबात येडा नाही, आमच्या परीक्षेत हाच विचारतात. लाईन गेली की डबी आपोआप कवचात परत जाते. तशी रचनाच असते, त्याला विजेवर अवलंबून राहावं लागत नाही. किती सेकंद शेक राहिला याची नोंद असते, तेवढा नंतर देतात. क्वचित डबी अडकली तर आधी पेशंटला बाहेर काढायचं आणि मग लांब दांड्यानं ढकलायची, याचा आम्ही सराव करतो. उलट लिनॅकला स्थिर वीज, थंड पाणी, एसी सगळं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो रुसून बसतो.

सावली_हिंगणघाट
माझ्या आईचा हाच आजार होता, म्हणून घरगुती सूचना. अंगावर शाईच्या रेघा मारतात त्या पुसू द्यायच्या नाहीत. मे महिन्यात घामानं जातात, मग पुन्हा मारून घ्या, स्वतः पेनानं गिरवू नका. त्या जागेवर साबण, तेल, हळद, कोणाची जडीबुटी, काहीही नाही. सैल सुती कपडे. शेकाआधी लघवी भरून ठेवायला सांगतात, ते ऐकायचं, त्यानं आतडं वर सरकतं. जुलाब लागले तर कण्या, मऊ भात, ताक. हिरवी भाजी आणि तिखट काही दिवस बंद. आई ठेच्याशिवाय जेवायची नाही, तिनं शेकापेक्षा यावर जास्त शिव्या दिल्या.

एसटीत आणि रेल्वेत कॅन्सर पेशंटला तिकिटात सवलत असते. दवाखान्यातून दाखला पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

कापूसकोंड्या_राळेगाव
अपडेट देतो. आशाताईंचं ऐकून आमच्या गावच्या सिस्टरला घरी बोलावलं, वहिनीच्या आईला समोर बसवलं. सिस्टर वीस मिनिटं बोलल्या, आम्ही महिनाभरात जे बोललो नव्हतो ते. वहिनी इथेच राहणार. तिचे वडील अजून गाल फुगवून आहेत, ते राहू देत.

योजनेत लिनॅकचं विचारलं. मिळतो, पण नंबर बराच पुढचा. कोबाल्टवरच घेतो आहोत, सोर्स मागच्या वर्षी बदललेला आहे. सोमवारपासून सुरू. आता फक्त तो 'आतला शेक' समजावून सांगा, मोठ्याईला त्याचीच धास्ती आहे. तोही कोबाल्टच का? आणि आत काही ठेवून देतात का?

गॅमाराव
ठेवून देत नाहीत. नळ्या बसवतात, मशीन त्यांतून तारेच्या टोकाला लावलेला काही मिलिमीटरचा सोर्स आत पाठवते, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबवते आणि परत ओढून घेते. सगळं काही मिनिटांत. सोर्स बहुतेक ठिकाणी इरिडियम-१९२ असतो, तोही धातूच. त्याचं अर्धायुष्य ७४ दिवस, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो. आता काही मशीनमध्ये त्याच जागी कोबाल्ट-६० वापरतात, तो वर्षानुवर्षं चालतो, लहान दवाखान्यांना परवडतो. घरी येताना अंगात काही नसतं, नातवाचा नियम तोच. नळ्या बसवताना दुखतं, भूल किंवा दुखण्याचं औषध देतात का ते आधी विचारा. आणि हा भाग टाळू नका. बाहेरचा शेक पूर्ण करून आतला सोडला तर उपचार अर्धवट राहतो.

आशाताई_घाटंजी
दुखतं हे मोठ्याईला आधीच सांगा भाऊ. न सांगता नेलं तर दुसऱ्या खेपेला येत नाहीत.

धुऱ्यावरचा_बाभूळ
भावाले धागा दाखवला. वाचला त्यानं सारा. म्हणते सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे येतो. पन्नी अजून खिशातच हाये.
वाशिमवाले, ते टीएयू-१ चं बियाणं कुठं भेटते?

पऱ्हाटीवाला_वाशिम
अकोल्याला विद्यापीठात विचारा. बाकी वेगळा धागा काढा, इथे नको.